प्रभूच्या मेजाची पिवळी चिठ्ठी

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा की." मी म्हणालो, माझी नोकरी पाळकाची, ती दिवाळी अंकात कशी बसायची? त्यावर ते म्हणाले, मागच्या अंकात एका लाइनमनने लिहिलं होतं, लोकांना फार आवडलं. म्हणजे लाइनमननंतर माझा नंबर लागला. त्यात कमीपणा काही नाही. दोघांचंही काम तारा जोडलेल्या ठेवायचं, आणि दोघांनाही लोक फोन करतात ते अंधार पडल्यावरच.

ज्यांना चर्चच्या आतलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मंडळी म्हणजे चर्चची माणसं आणि पाळक म्हणजे त्यांचा पगारी सेवक. रविवारी पांढरा झगा घालून उपदेश करतो तेवढाच तो बाहेरच्यांना दिसतो. उरलेले सहा दिवस दवाखान्यातल्या खाटा, दफनभूमीतलं गवत, गळकं छप्पर आणि दोन भावांच्या मधली भिंत यांत जातात. शिवाय दाखले असतात. कॉलेजच्या प्रवेशासाठी "हा नियमित उपासनेला येतो" असा दाखला लागतो, आणि तो मागायला येणाऱ्याला मी हटकून पहिल्यांदाच बघत असतो. एकाला मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "मी मागं बसतो, पाळकसाहेब." कुठे बसतोस ते दाखव म्हटलं. त्याने बोट केलं तिथे भिंत होती.

माझी सर्वांत मोठी नेमणूक निपाणीला झाली. चौदा वर्षं. एवढा काळ पाळकाला एका गावात सहसा ठेवत नाहीत. मला वरचे विसरले असावेत.

निपाणी म्हणजे तंबाखू. वखारीवरून जाताना नवा माणूस तीनदा शिंकतो, जुना शिंकत नाही, एवढाच गावातल्या माणसांत फरक. आमच्या मंडळीतल्या निम्म्या बायका विड्या वळायच्या आणि उरलेल्या वखारीत पानं निवडायच्या, चाळायच्या. आणि चर्चच्या दाराशी, आत शिरताच डाव्या हाताला, एक पत्र्याचा फलक होता. त्यावर निळ्या रंगात मंडळीचे एकोणीस नियम. चौथा नियम असा की सभासदाने विडी ओढू नये, तंबाखू खाऊ नये, मशेरी लावू नये. वळायला बंदी नव्हती. आम्ही वळलेली विडी दुसऱ्या कुणीतरी ओढावी, एवढीच मंडळीची अपेक्षा होती.

बाकीचे नियमही होते. सिनेमाला जाऊ नये. मोबाइल आल्यावर हा नियम प्रत्येकाच्या खिशात गेला. जत्रेतल्या पाळण्यात बसू नये. पाळण्यात नेमकं काय पाप आहे हे मी दानीएल आप्पांना विचारलं होतं. आप्पा म्हणजे आमच्या पंचकमिटीचे चिटणीस, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "वर गेल्यावर बायका वरडतात."

नियम मोडणाऱ्याला शिक्षा एकच होती, आणि ती समजायला प्रभुभोजन काय ते सांगायला हवं. महिन्याच्या पहिल्या रविवारी पुढे मेज मांडतात. त्यावर पाव आणि द्राक्षांचा रस. प्रभू आपल्यासाठी मेला याची ती आठवण. माणसं पुढे येऊन गुडघे टेकतात, पाळक प्रत्येकाला पावाचा तुकडा देतो आणि घोटभर रस देतो. आमच्या श्रद्धेचं सगळं सार त्या तुकड्यात आहे. ते कृपेने मिळतं असं आम्ही शिकवतो. कृपा म्हणजे लायकी नसताना मिळालेलं. लायकीप्रमाणे मिळतं तो पगार. हे मी हजार वेळा उपदेशात सांगितलं असेल.

तर या कृपेसाठी आमच्याकडे चिठ्ठी लागायची. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात आप्पा नोंदवही घेऊन घरोघर जात, उंबऱ्याबाहेर उभे राहून चार प्रश्न विचारत, आणि उत्तरं बरोबर आली की पिवळ्या कागदाची चिठ्ठी देत. रविवारी दारात ती ताटलीत टाकायची. ताटलीत चिठ्ठी नाही, तर मेजाकडे जायचं नाही. फुकट मिळणाऱ्या वस्तूला रेशनकार्ड लावणारे आम्हीच असू. पण मी नवीन होतो, अडतिशीतला होतो आणि शिस्तीचा होतो. मला ती पद्धत फार आवडली.

पहिल्याच प्रभुभोजनाला मी पाहिलं, सगळी मंडळी उठून पुढे आली आणि शेवटच्या बाकावर एकच बाई बसून राहिली. पन्नाशीच्या आत-बाहेरची, मांडीवर कापडी पिशवी, डोक्यावर पदर. सगळं होईपर्यंत ती मेजाकडे बघत होती. उपासना संपल्यावर आप्पांना विचारलं, ही कोण?

"सुलोचनाआक्का. वखारीत असत्या."

"चिठ्ठी का नाही दिली?"

आप्पा जरा अवघडले. "मशेरी लावते, पाळकसाहेब."

"बाकीच्या बायका लावत नाहीत?" कारण मी नुकतीच साठेक बायकांशी दारात हात मिळवून बोललो होतो आणि त्यांतल्या निदान तीस जणींचे दात काळे होते.

"त्या न्हाय म्हणत्यात," आप्पा म्हणाले. "ही व्हय म्हणते. खरं बोलते, काय करायचं?"

असं नऊ वर्षं चाललेलं होतं.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूची पूड. सकाळी बोटाने दातांना घासतात. निम्मं दंतमंजन, निम्मं व्यसन. मी आक्कांच्या घरी गेलो. नवरा वारलेला, पोरबाळ नाही, शेजारी पुतण्या. मी त्यांना समजावलं आणि एक योजना दिली. सहा महिने मशेरी बंद. सहा महिने पुरे झाले की मी स्वतः चिठ्ठी आणून देईन. मला वाटलं, मी मोठी सवलत देतोय. आक्कांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाला पेन्सिलीने गोल केला.

चौथ्या महिन्यात त्या आमच्या बंगलीच्या पायरीशी आल्या. वर आल्या नाहीत. गाल सुजलेला.

"मोडलं बघा, पाळकसाहेब. दाढ लई दुखत हुती, दोन रोज लावली."

कुणी विचारलं नव्हतं, कुणी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "हरकत नाही आक्का, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू." हे वाक्य मी अतिशय प्रेमळपणे म्हटलं होतं. माझी बायको आतून ऐकत होती. ती नंतर म्हणाली, "तुम्ही साप-शिडी खेळवताय त्यांना." मी तिला गप्प केलं.

दुसऱ्या खेपेला आक्कांची बहीण वारली. मातीहून आल्यावर बायकांत डबी फिरली. तिसऱ्या खेपेला तर पाच महिने आणि बारा दिवस झाले होते. का मोडलं ते त्यांनी सांगितलं नाही, नुसतं "मोडलं" म्हणाल्या. वर एवढंच म्हणाल्या, "मी सोडती वो, पर दिसभर वखारीत बसायचं. नाकातोंडात तीच. मी सोडली तरी ती मला सोडत न्हाय." मी पुन्हा पहिल्यापासून म्हणालो.

या काळात ती बाई काय करत होती तेही लिहायला पाहिजे. दानीएल आप्पांची बायको अंथरुणाला खिळली होती. आक्का रोज वखार सुटल्यावर त्यांच्या घरी जाऊन तिला पुसून घ्यायच्या, केस विंचरून वेणी घालायच्या. दोन वर्षं. आणि दर महिन्याला आप्पा नोंदवही घेऊन आक्कांच्या दारात जायचे, त्याच चार प्रश्नांसह, आणि चिठ्ठी न देता परत यायचे. दोघांनाही यात काही विचित्र वाटत नव्हतं. खरं म्हणजे मलाही नाही.

मग मला सुचलं की आक्कांना वखारीतलं काम सोडवून दुसरं मिळवून द्यावं. वखारीचे मालक अण्णा हे जैन समाजातले, गावातलं वजनदार घर. तीन पिढ्या तंबाखूचा व्यापार आणि घरात कुणी तंबाखूला बोट लावत नाही. दुपारी गेलो. त्यांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं, कन्नडमध्ये दिवाणजीला चहा सांगितला, स्वतः घेतला नाही, त्या दिवशी उपास होता.

"आक्काला मी झाडाखाली बशीवतो, पगार चालू ठेवतो," अण्णा म्हणाले. "त्येचं काय न्हाय. पर एक विचारू काय, पाळकसाहेब?"

"विचारा की."

"आमच्यात नेम लई. रात्री जेवायचं न्हाय, कांदा न्हाय, बटाटा न्हाय. आमचा धर्मच तसा हाय, आमी लपवत न्हाय. पर तुमच्यात म्हणं, देव पापी मानसाच्या घरी आपणहून जेवायला जातो. मग आक्का दारात कशी?"

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आक्काच सांगती. पानं निवडताना रोज चालू असतंय. आमच्या वखारीत तुमच्या देवाचं सगळ्यांना पाठ हाय."

मी कप खाली ठेवला. सहा वर्षं मी त्या गावात उपदेश करत होतो, आणि माझा धर्म मला वखारीच्या गादीवर बसून एका जैन व्यापाऱ्याने समजावून सांगितला. तोही उपाशीपोटी. मी काम बदलायचा विषय तसाच सोडून परत आलो.

पंचकमिटीपुढे मी ठराव मांडला की चिठ्ठी बंद करावी. तीन बैठका झाल्या. कृपेविरुद्ध कुणीच नव्हतं. फक्त ती लागू करायला घाई नको, असं सर्वांचं मत होतं. एक जण म्हणाले, चिठ्ठी गेली तर उद्या पाळण्यातही बसतील. आप्पांची अडचण निराळी होती.

"चिठ्ठी न्हाय तर कोण लायक, कोण न्हाय, कसं कळायचं?"

"देवाला कळेल."

"देवाला कळंल हो. नोंदवहीत काय लिहायचं?"

शेवटी तिसऱ्या बैठकीत आप्पांनीच हात वर केला. त्यांची बायको त्याच महिन्यात गेली होती, आणि शेवटची वेणी आक्कांनी घातली होती.

पुढच्या पहिल्या रविवारी मी जन्मातला सर्वांत चांगला उपदेश केला, असं मला वाटतं. मेज कुणाच्या मालकीचं नाही, चिठ्ठी नाही, प्रश्न नाहीत, या. आणि लोक आले. दहा-दहा वर्षं दूर राहिलेले आले. गाड्यावर दारू पिणारा एक जण रडत आला. मागची भिंत दाखवणारा पोरगाही आला, त्याला खरंच बसायला बाक मिळाला होता. मी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. आक्का बसून होत्या. मी हाताने खूण केली. त्यांनी मान हलवली, नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. "आक्का, आता चिठ्ठी नाही. कुणी अडवलं?"

"कुणी न्हाय."

"मग?"

"तुमीच म्हणला हुता सहा म्हैने. माझं सव्वादोनच झाल्यात." त्यांनी कॅलेंडर दाखवलं. "बाकीच्यांचं त्यास्नी ठावं. मला असं फुकटचं नगो, पाळकसाहेब. पुरं करून घीन."

मी खूप बोललो. कृपा, लायकी, पगार, सगळं पुन्हा सांगितलं. त्या नम्रपणे ऐकत होत्या, आजारी माणसाची बडबड ऐकतात तशा. पाळकाच्या शिकवणुकीचा परिणाम होत नाही अशी आमच्या धंद्यात नेहमीची तक्रार असते. माझ्या नोकरीत एकच माणूस माझं शिकवणं पूर्ण शिकलं, आणि जे मी शिकवायला नको होतं तेच शिकलं. फलक मी दुसऱ्या दिवशी काढून मागच्या खोलीत ठेवला. आक्कांच्या आतला मला काढता येईना.

पुढची आठ वर्षं त्या शेवटच्या बाकावर बसून राहिल्या. मग माझी बदली झाली, आणखी दोन गावं झाली, मी निवृत्त झालो. आता आम्ही बेळगावात खासबागेत राहतो.

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे. ती मी या लेखात मुद्दाम आतापर्यंत दडवली, कारण मंडळीतही तीस वर्षं दडवलीच होती. मी तपकीर ओढतो. पाळकाचं शिक्षण घेत असताना दुपारच्या तासाला झोप येऊ नये म्हणून लागली, ती सुटली नाही. खिशात स्टीलची छोटी डबी. लोकांना वाटायचं पाळकसाहेबांना बारमाही सर्दी आहे. दोन बायकांनी काढा करून दिला होता, तो मी प्यायलो. तपकीर म्हणजे तंबाखूच. पण निपाणीच्या फलकावर विडी होती, खाणं होतं, मशेरी होती, तपकिरीचं नाव नव्हतं. मी दोनदा वाचून खात्री करून घेतली होती.

या वर्षी उन्हाळ्यात आक्कांच्या पुतण्याचा फोन आला. आक्कांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बेळगावात आहे, चौथ्या दिवशी परत दाखवायचंय, तोवर राहू दे का तुमच्याकडे. माझी बायको म्हणाली, विचारायचं काय त्यात. आक्का आल्या. पंचाहत्तरीला टेकलेल्या, डोळ्यावर हिरवी पट्टी, पिशवी बहुधा तीच. रविवारी डॉक्टरांनी गर्दीत जाऊ नका सांगितलेलं, म्हणून बायको एकटी उपासनेला गेली आणि मी त्यांच्यासोबत घरी राहिलो. पहिला रविवार होता.

आजाऱ्यांना घरी प्रभुभोजन द्यायला पाळकाकडे एक छोटी पेटी असते. बशी, पेला, पांढरा रुमाल. निवृत्त झाल्यावर ती माझ्याकडून कुणी परत मागितली नाही. मी ती टेबलावर उघडली, पाव ठेवला, बाटलीतला रस ओतला.

"ते नगो," आक्का म्हणाल्या. "माझं अजून झालं न्हाय."

"किती झालं?"

"मोजायचं राहिलं आता. कॅलेंडरच दिसत नव्हतं."

मी उपदेश आठवायला लागलो. तीस वर्षांचे उपदेश, त्यांतला एक आठवेना. मग मी खिशातून डबी काढली आणि पावाच्या बशीशेजारी ठेवली.

"आक्का, ही माझी आहे. मी तपकीर ओढतो."

त्यांनी उघड्या डोळ्याने डबीकडे नीट पाहिलंही नाही. "ठावं हाय."

"कधीपासून?"

"निपाणीला तुमी पयल्या रविवारी आलता, दारात हात मिळवला, तवापासनं. माझी सगळी हयात वखारीत गेली, पाळकसाहेब. वासावरनं पान कुठल्या शिवारातलं त्ये सांगती मी."

माझे कान तापले. म्हातारपणी माणसाला एवढी लाज वाटू शकते हे मला ठाऊक नव्हतं. या बाईला मी तीनदा पायरीवरून परत पाठवलं होतं, आणि तिन्ही वेळा ती माझ्या खिशातला वास घेत उभी होती.

"मग बोलला का नाहीत? मंडळीत एक शब्द टाकला असता तर..."

"कशापायी बोलायचं?" त्यांना खरंच नवल वाटलं. "मला वाटलं, तुमचं देवानं माफ केलं आसंल. मानूस चांगला हाय, आजाऱ्याच्या उशाशी बसतोय, रडणाऱ्याजवळ बसतोय. एवढ्याशा डबीपायी देव काय तुमाला मेजावरनं उठवणार हाय?"

"आणि तुम्हाला?"

त्या काहीतरी बोलायला गेल्या आणि थांबल्या. मी उपदेश केला नाही. पाळकाला हे सर्वांत अवघड जातं. त्यांच्यापुढचा चहा निवला.

"हात धुऊन येती," त्या म्हणाल्या.

मोरीत पाण्याचा आवाज पुष्कळ वेळ आला. परत येऊन त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि खुर्चीवर ताठ बसल्या.

"खरं सांगती, पाळकसाहेब. आज सकाळी बी लावलिया."

"मीही ओढलीय," मी म्हणालो, आणि पाव मोडला.

त्यांनी दोन्ही हात पुढे केले.